आहारजल शुद्ध आहे

९ फेब्रुवारी, रहिमतपूर

नेटहाऊसमधली, म्हणजे लॅबच्या जाळीबंद शेडमधली, ज्वारी आज काढली. नेटहाऊस सांभाळणाऱ्या धुळादादांनी कणसं कापली, मी पिशव्यांना दोरे बांधले. ज्या झाडांत आम्ही विषाणूचा तुकडा घातला आहे त्यांच्या पिशव्यांना लाल दोरा, साध्या झाडांच्या पिशवीला पांढरा. साधी झाडं शेजारच्या वाफ्यात नुसती तुलनेसाठी वाढवतात. लॅबमध्ये आम्ही त्यांना कंट्रोल म्हणतो. त्यांत काहीही घातलेलं नसतं.

यंदा पांढऱ्या दोऱ्याची कणसं फार सुरेख भरली. फुलोऱ्याच्या वेळी प्रत्येक कणसावर कागदी पिशवी चढवतो, म्हणजे एकाचे पराग दुसऱ्यावर उडत नाहीत. पण डिसेंबरात पिशव्यांच्या आत घाम धरून बुरशी यायला लागली. संयोगिता मॅडम म्हणाल्या, "कंट्रोलच्या काढून टाक गं, त्यांना कशाला हव्यात." काढल्या आणि बुरशी थांबली. मॅडम लॅबच्या प्रमुख, दिवसभर फोनवर असतात, तरी त्यांचं लक्ष नाही असा एक कोपरा नाही.

संध्याकाळी नूरजहांचाचींनी, म्हणजे माझ्या घरमालकिणीने, पुन्हा विचारलं, "बेटा, तू नक्की करतेस काय तिथं?" पुन्हा सांगितलं. उसाच्या पानावर पिवळट ठिपके पाडणारा एक विषाणू असतो. तो पेशीत शिरला की पेशीला हुकूम सोडतो, इथून वाच आणि वाचतच राहा. आम्ही विषाणू घेत नाही, रोगही घेत नाही, त्या हुकुमाचा तेवढा तुकडा घेतो आणि आपल्याला हव्या त्या जनुकाच्या पुढे लावतो. पूर्वी यासाठी फ्लॉवरच्या भाजीच्या विषाणूचा तुकडा वापरत, पण ज्वारी-गहू-मक्यात तो क्षीण पडतो. ऊस आणि ज्वारी दोन्ही गवताच्या कुळातले, म्हणून उसाच्या विषाणूचं ज्वारी ऐकते. सध्या त्यापुढे निळा रंग दाखवणारं जनुक लावलंय. मुळं रसायनात बुडवली आणि निळी झाली, की हुकूम चालला.

"म्हणजे चोराचा आवाज काढून घरातल्या नोकराला कामाला लावायचं," चाची म्हणाल्या.

"अगदी तसंच."

"आणि मालक उठला म्हणजे?"

मी हसले. त्यांना हे कसं सांगू की निळा रंग ही फक्त चाचणी आहे. एकदा हुकूम पक्का ठरला की त्यापुढे लोह वाढवणारं जनुक लावायचंय. आमच्या शाळेत प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुली भोवळ येऊन पडायच्या आणि बाई म्हणायच्या, उपाशी आली असेल. त्या उपाशी नव्हत्या. दोन वेळा भाकरी खात होत्या. त्या भाकरीतच काही येणार असेल तर मला ते करायचंय.

१४ फेब्रुवारी

चाचणीपुरतं बियाणं ठेवून उरलेलं सगळं नष्ट करायचं असतं, लाल दोऱ्याचंही आणि पांढऱ्याचंही. आधी वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये शिजवून मारायचं, मग जाळायचं. जैवसुरक्षा समितीचा नियम आहे. नेटहाऊसमध्ये उगवलेला दाणा बाहेर जाता कामा नये.

लाल पिशव्या झाल्या. पांढरी पिशवी उचलताना धुळादादा थांबले.

"ताई, ह्यात काय घातलंय?"

"काही नाही."

"आणि मग?"

"नियम आहे दादा."

"नियम करणाऱ्यानं भाकरी खाल्ली न्हाई वाटतं कवा," असं म्हणून ते तंबाखू मळायला बाहेर गेले.

टपोरी, मोत्यासारखी ज्वारी. आमच्या घरात जात्याखालून एक दाणा घरंगळला तर आई तो उचलून डोळ्यांना लावते. मी पिशवी माझ्या सॅकमध्ये ठेवली. चारेक किलो असेल. दादा परत आले तेव्हा कुकरमध्ये फक्त लाल पिशव्या होत्या आणि त्यांनी काही विचारलं नाही.

याला चोरी म्हणता येणार नाही. जी वस्तू जळणारच होती ती कुणाची होती?

१६ फेब्रुवारी, घरी

सकाळच्या पॅसेंजरने सांगलीला उतरले, तिथून एसटीने गावी. आईने पिशवी सोडून ओंजळभर दाणे उन्हात धरले.

"कुणी दिली गं?"

"मॅडमनी दिली."

पटकन तोंडातून गेलं. नाहीतर कुकर, समिती, नियम सगळं सांगत बसावं लागलं असतं आणि तिला उगीच घोर लागला असता.

"सायबीणबाई गुणाची हाय," आई म्हणाली. "फवारा मारत्यात का ह्याच्यावर?"

"नाही. जाळी इतकी बारीक असते की कीड आत येतच नाही."

"म्हंजे ह्याच्यापायी एक बी जीव मारला न्हाई?"

"नाही."

तिने अण्णांना हाक मारली. अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात तोलार आहेत, हळदीची पोती तोलण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी दाणे हातावर खेळवले आणि म्हणाले, "यार्डात असला माल बघाया मिळत न्हाई." आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिलीच. माझ्या शिक्षणाचं घरात आलेलं, हातात धरता येईल असं हे पहिलंच काहीतरी असावं. आई शेजारच्या अर्जुनाकाकूंना दाखवून आली. "माझ्या पोरीनं पिकिवलीया." मग तमालपत्रं घालून ज्वारी निराळ्या डब्यात भरली.

"ही घरात खायाची न्हाई," ती म्हणाली.

"मग काय करायची?"

"हाय काम."

४ मार्च, रहिमतपूर

हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीला आमचा तुकडा हवाय. मे महिन्यात त्यांची माणसं बघायला येणार आहेत. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "स्वप्नालीचे हात स्वच्छ आहेत. तिच्या कंट्रोलला एक निळा ठिपका येत नाही." खूप बरं वाटलं. घरी फोन करून सांगितलं, तर आईला यातलं फक्त "हात स्वच्छ" एवढंच कळलं. तिला तेवढं पुरलं.

३१ मार्च

आईचा फोन. आवाज थरथरत होता, मला वाटलं अण्णांना काही झालं. आम्हा जैनांचे एक मुनिमहाराज पायी विहार करत आमच्या गावाकडे येताहेत, दोन दिवस मुक्काम आहे. आई चौका लावणार, म्हणजे त्यांच्यासाठी शुद्ध स्वयंपाक करून दाराशी वाट बघत उभी राहणार. महाराज दिवसातून एकदाच आहार घेतात. ज्या घरासमोर त्यांनी मनात धरलेली खूण जुळेल त्या घरी थांबतात, नाही जुळली तर पुढे जातात. आईने आजवर तीनदा चौका लावला आणि तिन्ही वेळा महाराज आमच्या दारावरून पुढे गेले. एकदा शेजारी अर्जुनाकाकूंकडे थांबले. ते आई अजून विसरलेली नाही.

"तू ये," आई म्हणाली. "तू आल्याबिगर न्हाई जमायचं."

६ एप्रिल, घरी

महाराज आमच्याकडे थांबले.

नीट लिहायला हवं, कारण असा दिवस पुन्हा येणार नाही.

पहाटे विहिरीचं पाणी आणून गाळलं, उकळलं. मी धुतलेली साडी नेसून स्वयंपाकघरात गेले तर आई जात्यावर बसलेली, आणि शेजारी तोच डबा.

"आई, ही ज्वारी?"

"आनि कुठली? सगळ्या गावात ह्याच्याहून शुद्ध दाणा हाय का? औषध न्हाई, कीड न्हाई, जीव न्हाई मारला. माझ्या पोरीच्या हातची. दान मिळालेली."

मी म्हणणार होते की घरातली दुसरी घे. पण कारण काय सांगणार? पांढऱ्या दोऱ्याची, साधी ज्वारी. मी मनाला विचारलं, यात काही आहे का? मन म्हणालं, काही नाही. मी दुसऱ्या बाजूने खुंटा धरला आणि आम्ही दोघींनी दळलं.

दाराशी आई कलश घेऊन, अण्णा नारळ घेऊन, मी आणि माझा भाऊ भरतेश दोन्ही बाजूंना. गल्लीच्या तोंडाशी महाराज दिसले, मागे पन्नासभर माणसं. ते अर्जुनाकाकूंच्या दारावरून पुढे आले. आमच्यासमोर आले आणि थांबले. आईच्या तोंडून शब्द फुटेना. अण्णांनीच "नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु" म्हटलं. तीन प्रदक्षिणा झाल्या. मग सगळ्यांनी म्हणायचं असतं, आम्ही म्हटलं, "मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे."

आत गेल्यावर ताट समोर ठेवताना पुन्हा म्हणायचं असतं. या वेळी आईने मला खुणावलं. मी एकटीने म्हटलं. वचनशुद्धी म्हणताना माझी जीभ अडखळली. रात्री झोप झाली नव्हती, त्यामुळे असेल.

महाराज उभे राहून ओंजळीत आहार घेत होते. आईने भाकरीचे तुकडे दुधात कुस्करून त्यांच्या ओंजळीत ठेवले. घासात केस निघाला, किडा निघाला तर महाराज तिथेच थांबतात आणि उपाशी परततात. आई प्रत्येक घास उजेडात निरखून ठेवत होती. काहीही निघालं नाही. आहार पूर्ण झाला.

लोक गेल्यावर आई त्या जागी बसून राहिली. अर्जुनाकाकू येऊन म्हणाल्या, "चंपे, जिंकलीस बाई." आईने त्यांना मिठी मारली. दोघींत इतक्या वर्षांत हे मी पाहिलं नव्हतं.

मला आनंद झालाय. लिहून ठेवते, मला आनंद झालाय.

१७ एप्रिल, रहिमतपूर

नव्या फेरीसाठी बियाणं रुजवलं होतं. लालची मुळं निळी झाली, व्हायलाच हवीत. पांढऱ्याच्या बशीतही काही मुळं निळी.

बहुतेक जीवाणू असतील. काही जीवाणूंतही असा रंग येतो, पुस्तकात दिलेलं आहे. पाणी नीट निर्जंतुक झालं नसेल.

२० एप्रिल

पुन्हा केलं. बिया तीनदा धुतल्या, नवं पाणी, नव्या बशा. पुन्हा निळी. सगळी नाहीत, मधूनमधून. टोकापासून वरपर्यंत, एकसारखा निळा. जीवाणूंचा रंग असा येत नाही, कडेकडेने डाग पडतात.

२३ एप्रिल

आज पानांतून डीएनए काढून थेट विषाणूच्या तुकड्यासाठीच तपासलं. जेलीच्या थरावर पट्टी आली, म्हणजे तुकडा आहे. लालच्या पट्टीला चिकटून, तिच्याच उंचीला, पांढऱ्याची पट्टी.

म्हणजे पराग उडाले. मीच पिशव्या काढल्या होत्या. मॅडमनी सांगितलं होतं खरं, पण त्यांना दहा कामं. पलीकडच्या वाफ्यातलं लाल फुलोऱ्यात आहे आणि त्याच्या काही पिशव्या बुरशीने फाटल्या आहेत, हे मला दिसत होतं. वाऱ्याला पांढरा दोरा काय कळणार होता?

त्या डब्यातली ज्वारी साधी नव्हती.

स्वतःला सगळं समजावून झालं. निळ्या रंगाचं ते प्रथिन तव्यावर मोडून जातं. उसाच्या रसाच्या प्रत्येक पेल्यात कदाचित तो अख्खा विषाणू असतो आणि तो कुणाला काही करत नाही. आपण फ्लॉवरच्या भाजीबरोबर किती विषाणू खातो. धोका शून्य म्हणावा इतका कमी. यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि भाकरी तशीच ठेवून झाकण लावलं.

नूरजहांचाची म्हणाल्या, "रोजा धरलास का गं? रमजान कवाच सरला." मी म्हटलं, पोट बिघडलंय.

२५ एप्रिल

मॅडमना सगळं सांगितलं. पिशवी घरी नेली, पराग उडाले, आणि आता ती ज्वारी घरात खाल्ली गेली आहे. महाराजांचं सांगितलं नाही. तोंडातून निघेना.

मॅडमनी उठून दार लावलं.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"धुळाला?"

"नाही."

"बैस. पाणी पी." मी पाणी प्यायले. "हे बघ स्वप्नाली, पांढरी पिशवी त्याच दिवशी जळाली. तू जाळलीस. रजिस्टरवर तसंच आहे ना? मग झालं. बाहेरचं ताजं बियाणं आणू, कंट्रोल नव्याने पेरू. जुन्या बशा आजच कुकरमध्ये टाक. तू मला काही सांगितलेलं नाहीस आणि मी काही ऐकलेलं नाही."

"पण समितीला—"

"तुझ्या घरातली तू पहिली शिकलेली आहेस ना? मग."

रडू आलं. माझ्यासारख्या पोरीसाठी एवढी मोठी बाई खोटं बोलायला तयार होते. त्यांचे उपकार मी कसे फेडू?

४ मे, घरी

आठवडाभर घरी जायचं टाळलं. आज आले. आल्याआल्या विचारलं, "आई, त्या ज्वारीतली पेरली तर नाहीस ना?"

"उन्हाळ्यात कोण ज्वारी पेरतंय? डोकं ठिकाणावर हाय न्हवं? त्या दिशी आलेल्या समद्यास्नी भाकरी वाढली, तरी निम्मी हाय अजून डब्यात. म्हटलं पुन्हा कुनी महाराज आले तर."

मग मला राहवलं नाही. सोप्यात ती तूर निवडत बसली होती, तिच्यासमोर बसून सांगितलं. विषाणू, हुकूम, पराग, निळी मुळं. हेही सांगितलं की खाण्यात धोका काही नाही. महाराजांच्या ओंजळीत काय गेलं तेही सांगितलं. किती वेळ बोलत होते कोण जाणे. ती निवडत राहिली. मी थांबल्यावर तिने एकच विचारलं.

"मॅडमनी दिली न्हवती?"

एवढं सगळं सांगितलं, त्यातलं हेच.

"जळणारच होती, आई."

"म्या ते इचारलं न्हाई."

"नव्हती दिली."

तिने सूप खाली ठेवलं. "न दिलेलं घ्यायचं न्हाई, हे तुला अक्षर वळायच्या आधी शिकिवलंतं."

"पण त्या विषाणूचं—"

"तुझा तो इषाणू जीव हाय का निर्जीव, मला कळत न्हाई. शास्त्रीबुवांना बी कळायचं न्हाई. चोरीचा दाणा म्हंजे काय, ते कळतंय." मग खालच्या आवाजात म्हणाली, "आनि माझ्या दारात, त्यांच्यासमोर, वचनशुद्धी म्हनालीस."

सूर्यास्ताआधी तिने आम्हाला जेवायला वाढलं. स्वतः जेवली नाही. माझ्याशी बोललीही नाही.

५ मे

आजही नाही बोलली. संध्याकाळी डबा माळ्यावरून काढून दाराशी ठेवला आणि म्हणाली, "उद्या ज्याची त्याला."

मी म्हटलं, उद्या नको, उद्या हैदराबादचे लोक येणार आहेत, परवा जाऊ.

"परवा कशाला?"

६ मे, रात्री, घरी

सकाळी अण्णांनी सवयीने डबा हातावर तोलला. "दोन किलोला जरा कमी," म्हणाले, मग आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघून त्यांनी तो आईच्या हातात दिला.

आई पहिल्यांदाच सातारा जिल्ह्यात गेली. गाडीत तिने डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. स्टेशनवरून वडापच्या जीपने लॅबपर्यंत पोचलो तर दारात पांढरी मोठी गाडी उभी. मॅडमच्या खोलीत हैदराबादचे दोघेजण, एक वयस्कर गृहस्थ आणि एक बाई, चहा घेत होते. मी आईला बाहेर बसवणार, एवढ्यात ती आत गेलीसुद्धा. डबा टेबलावर, बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवला.

"नमस्कार बाई. ही तुमची ज्वारी. माझ्या पोरीनं न इचारता आनली. निम्मी सपली, त्याचं काय द्यायचं ते तुमी सांगा."

मॅडमचा चेहरा क्षणभरच बदलला. मग त्या हसल्या. "अहो काकू, बसा ना! ती ज्वारी होय? ती आम्हीच दिली होती हिला. कौतुकानं."

"तुमी दिलती?"

"हो, हो. साधीच ज्वारी ती."

आई इतके दिवस खांदे वर ओढून वावरत होती. ते खांदे खाली आले. मला दिसलं. ती माझ्याकडे वळली. "स्वपे, मग परवा काय बडबडत हुतीस? दिलती न्हवं बाईंनी?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

मला फक्त हो म्हणायचं होतं. मग महाराजांच्या ओंजळीतला घास दिलेल्या धान्याचा झाला असता. आई संध्याकाळी जेवली असती. माझी नोकरी राहिली असती, मॅडमचा मान राहिला असता, हैदराबादची माणसं चहा संपवून नेटहाऊस बघायला गेली असती. सगळ्यांचं भलं होत होतं. आईचा चेहरा इतका उजळला होता की तो तसाच राहावा म्हणून मी काहीही बोलले असते. सहा एप्रिलला बोललेच होते.

"नाही आई," मी म्हटलं. "मॅडमनी नव्हती दिली. मीच घेतली."

मग त्या गृहस्थांनी कप खाली ठेवला. "कौनसी ज्वार? नेटहाऊस की?"

पुढचं सगळं हिंदी-इंग्रजीत झालं. आईला त्यातलं काही कळलं नाही. ती माझ्याकडे बघत उभी होती आणि माझी मान वर होत नव्हती.

पाहुणे लवकर गेले. मॅडमनी धुळादादांना डबा लगेच कुकरमध्ये टाकायला सांगितला. आई म्हणाली, "थांबा वाईच, निवडू द्या."

"काय निवडायचंय आता?" मॅडमचा आवाज चढला.

"आवं, दोन म्हैनं डब्यात हाय. सोंडं पडलं असतील. जित्त्या जिवाला वाफेत घालायचं व्हय?"

धुळादादांनी सूप आणून दिलं. आई व्हरांड्यात मांडी घालून बसली आणि पाखडायला लागली. मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. नेटहाऊसमधून काहीही जिवंत बाहेर जाऊ नये असा नियम आहे, आणि आई चिमटीने एकेक सोंडकिडा उचलून पलीकडे कण्हेरीच्या मुळाशी सोडत होती. धुळादादा तिला म्हणाले, "आक्का, तो बघा, निसटला." सगळं निवडून झाल्यावर तिने सूप दादांच्या हातात दिलं. "आता घाला."

परतीच्या गाडीत कराड गेल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

"ती बाई खोटं का बोलली गं?"

"मला वाचवायला."

आईने माझ्याकडे बघितलं. "तुला व्हय?" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. ती अजून रागात आहे.

१२ मे, रहिमतपूर

मॅडमनी समितीला अहवाल पाठवला. कनिष्ठ साहाय्यकाच्या निष्काळजीपणामुळे कंट्रोल झाडांवरच्या पिशव्या अकाली निघाल्या आणि तिनेच नियम मोडून बियाणं बाहेर नेलं, असं लिहिलंय. मी वाचून सही केली. खरंच आहे. पिशव्या काढायला कुणी सांगितलं ते त्यात नाही, पण ते सांगून माझे हात थोडेच स्वच्छ होणार आहेत.

नेटहाऊस वर्षभर बंद. हैदराबादच्या लोकांनी फोन उचलणं बंद केलंय. मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. धुळादादांना सुट्टीवर पाठवलंय, बिनपगारी. त्यांच्या घरी मी गेले होते. ते म्हणाले, "ताई, तुमी काय करणार? त्या दिशी मला बी वाटलंच हुतं, पिशवी कमी हाय म्हणून." हे ऐकून आणखी वाईट वाटलं. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं.

चाचींचं बांगड्यांचं दुकान आहे, निघताना त्यांनी माझ्या हातात बांगड्या भरल्या. पैसे घेतले नाहीत. "इतकं तोंड पाडून जाऊ नको बेटा, लोकांना वाटंल मी भाडं वाढवलं."

१९ मे, घरी

महाराज सीमा ओलांडून कर्नाटकात गेलेत. चातुर्मासाला परत इकडे येतील असं म्हणतात. ते भेटून प्रायश्चित्त देईपर्यंत आईने भाकरी सोडली आहे. आमच्याकडे भाकरी सोडणं म्हणजे काय हे ज्याच्या घरात दोन वेळा भाकरी होते त्यालाच कळेल. ती भात खाते. भाताने तिचं पोट भरत नाही. दुपारी ती भिंतीला टेकून बसते आणि कुणाचं लक्ष नाही असं वाटलं की डोळे मिटते.

अर्जुनाकाकूंनी गल्लीत सगळ्यांना सांगितलंय. आई त्यांना टाळत नाही. समोरून जाते, जय जिनेंद्र म्हणते.

आज संध्याकाळी ती चुलीपुढे बसलेली, मी ताट घेऊन.

"मीही सोडते भाकरी," मी म्हटलं.

"तू कशाला?"

"चूक माझी आहे."

"महाराजांच्या हातात घास म्या ठिवला. तू न्हवं. त्ये माझं." ती पीठ मळत होती. "माझ्या वाटणीत हात घालू नगंस."

"मग माझ्या वाटणीला काय?"

तिने भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग निखाऱ्यावर उभी केली. ती टम्म फुगली. आईने चटके खात ती उचलून माझ्या ताटात टाकली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि माझ्यासमोर बसून राहिली.

मला वाटलं ती उठेल. भरतेश आला, गेला. अण्णांचं जेवण झालं. बाहेर उजेड उतरत होता आणि ती हलत नव्हती. मी तुकडा मोडला. ती माझ्या हाताकडे बघत होती, हातातून तोंडाकडे. मी चावले, गिळलं. दुसरा तुकडा मोडला. तिच्या घशातून आवंढा खाली गेलेला मला दिसला.

सगळी खाल्ली.

"आनखी एक टाकू?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले.